मानेमागचा पट्टा

(सदर : घरचे आरोग्य)

जबलपूरहून एका भगिनीचे पत्र आले आहे. पत्र चांगले चार पानांचे असून त्यातील निम्मा मजकूर मुलीविषयी आणि निम्मा घरातील वडीलधाऱ्या मंडळींच्या मतांविषयी आहे. मुलगी दहा वर्षांची. वरचे पटाशीचे दात इतके पुढे आलेले की, स्वस्थ बसली असतानाही तिचे ओठ मिटत नाहीत. दातांच्या डॉक्टरांनी तिला तपासले, क्ष-किरणांचे चित्र घेतले आणि सांगितले की, वरच्या दाढांना एक जाड तार अडकवावी लागेल, त्या तारेस मानेमागून जाणारा पट्टा जोडावा लागेल, आणि हे साधन मुलीने रोज संध्याकाळपासून सकाळपर्यंत, निदान बारा तास, घातले पाहिजे. या साधनास डॉक्टर 'हेडगियर' म्हणतात.

मुलीने ते आरशात पाहिले आणि रडू लागली. आजी म्हणाल्या, घोड्याला लगाम घालावा तसा पोरीला हा पट्टा कशाला? वय वाढले की दात आपोआप आत जातील. आत्याने सुचविले की, रोज आंघोळीनंतर अंगठ्याने दात आत दाबावे. वडिलांचे मत असे की, लग्नाच्या आधी वर्षभर पाहता येईल. मातेचे प्रश्न तीन आहेत. हे साधन खरोखर आवश्यक आहे काय? मुलगी कुरकुरते, तेव्हा रोज दोनच तास घातले तर चालेल काय? आणि येत्या मे महिन्यात नागपूरला लग्नासाठी आठ दिवस जायचे आहे, तेव्हा काय करावे?

वाचकहो, अशी पत्रे लिहिणाऱ्या माता पुष्कळ आहेत आणि न लिहिता मनात ठेवणाऱ्या त्याहून अधिक. म्हणून या वेळचे सदर या पट्ट्यासच दिले आहे. मुलीस प्रत्यक्ष तपासलेल्या डॉक्टरांच्या सल्ल्याची जागा हे लेखन घेऊ शकत नाही. परंतु त्यांनी जे सांगितले ते कशासाठी, हे मातेला उमगले तर निम्मे काम झाले असे समजावे.

प्रथम आत्याबाईंच्या अंगठ्याचा विचार करू, कारण त्यांच्या सल्ल्यात अर्धे सत्य आहे. दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. दाताचे मूळ आणि भोवतालचे हाड यांच्यामध्ये तंतूंचा एक अतिशय पातळ थर असतो, आणि त्या तंतूंवर दात जणू टांगलेला असतो. दातावर एका बाजूने सौम्य पण टिकून राहणारा दाब आला की, दाबाच्या बाजूचे हाड हळूहळू झिजते व ताणाच्या बाजूस नवे हाड भरत जाते. अशा रीतीने दात हाडातून सरकतो. तेव्हा दाबाने दात हलतो हे खरेच आहे. पण त्यासाठी दाब पुष्कळ वेळ टिकावा लागतो. दिवसाकाठी साधारण सहा तासांच्या खाली दाब असेल, तर हाडातील ही घडामोड नीट सुरूच होत नाही. घास चावताना दाढांवर केवढा तरी भार पडतो, तरी दाढा जागच्या जागी राहतात. कारण तो भार क्षणाचा असतो. उलट झोपेत रात्रभर अंगठा चोखणाऱ्या मुलाचा अंगठा काही फार जोर लावीत नाही, तरी त्याचे दात पुढे येतात. आत्याबाईंचा अंगठा पाच मिनिटे चालणार, आणि मुलीचा खालचा ओठ मात्र वरच्या दातांमागे दिवसभर अडकून त्यांना पुढे ढकलीत राहणार. या झटापटीत कोण हरणार हे सांगावयास नको.

याच हिशेबात मातेच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर दडलेले आहे. दोन तास चालणार नाही. दोन तासांत त्रास तेवढा होईल, आणि लाभ जवळजवळ काहीच होणार नाही. यापेक्षा साधन मुळीच न घेतलेले बरे, असे आम्ही स्पष्ट म्हणू.

आता साधनाची रचना पाहू. सहाव्या वर्षाच्या सुमारास दुधाच्या दाढांच्या मागे एकेक नवी दाढ उगवते. कोणताही दुधाचा दात न पडता ती येत असल्यामुळे पुष्कळ घरांत तिला दुधाचीच समजतात आणि किडली तरी 'पडेलच आता' म्हणून सोडून देतात. ती पडावयाची नसते. ती जन्माची सोबतीण असते. (हे एकच वाक्य ज्या घरात ध्यानात राहील, त्या घरापुरते हे सदर सार्थकी लागले.) वरच्या जबड्यातील या दोन दाढांवर डॉक्टर धातूची कडी बसवितात. प्रत्येक कड्यास बाहेरच्या बाजूने एक बारीक नळी असते. त्या दोन नळ्यांत आतल्या धनुष्याकृती तारेची टोके जातात. या तारेस पुढच्या दातांसमोर दुसरी, अधिक जाड तार जोडलेली असते, आणि ती ओठांच्या कोपऱ्यांतून बाहेर येऊन दोन्ही गालांजवळून मागे वळते. तिच्या टोकांना मानेमागचा पट्टा किंवा डोक्यावरच्या टोपीचे बंद अडकवितात. पट्ट्यातील स्प्रिंग किंवा रबर ओढ देते, आणि ती ओढ तारेवाटे दाढांपर्यंत व दाढांवाटे वरच्या जबड्यापर्यंत पोहोचते.

मागे ओढण्यासाठी कोठेतरी टेकू हवा. तोंडातील एका दाताच्या आधाराने दुसरा ओढला तर आधाराचा दातही थोडा पुढे येतो. विहिरीतून जड घागर ओढताना पाय घसरावा तसे होते. मानेच्या किंवा डोक्याच्या आधारास ही भीती नाही. मान काही पुढे सरकत नाही. हेडगियरची सारी युक्ती एवढीच आहे.

परंतु वाढत्या मुलात या साधनाचे मुख्य काम दात मागे नेण्याचे नसते. वरचा जबडा चेहऱ्याच्या इतर हाडांशी शिवणीसारख्या सांध्यांनी जोडलेला असतो, आणि मूल वाढते तसा तो पुढे व खाली वाढत जातो. खालचा जबडाही पुढे वाढतो. दोघांची चाल सारखी असली म्हणजे दात दातांवर बसतात. जेव्हा वरचा पुढे गेलेला असतो किंवा खालचा मागे रेंगाळलेला असतो, तेव्हा वरच्यास काही काळ थोपवून धरावे आणि खालच्यास गाठू द्यावे, हा उपाय उरतो. शर्यतीतील दोन भावंडांपैकी थोरल्याचा हात धरून ठेवावा आणि धाकट्यास येऊ द्यावे, तसेच हे आहे. याचा अर्थ उघड आहे. धाकटा चालत असेपर्यंतच थोरल्यास थांबविण्यात अर्थ असतो. मुलीची उंची झपाट्याने वाढण्याचा काळ बहुधा दहाव्या ते बाराव्या वर्षाच्या आसपास येतो, मुलाचा त्यानंतर सुमारे दोन वर्षांनी. तो ओसरला की, पट्ट्याने जबडा थोपविण्याची संधीही ओसरते.

ओढ किती असावी हे डॉक्टर मोजून ठरवितात. जबड्याची वाढ थोपवावयाची असेल तर प्रत्येक बाजूस साधारण ३५० ते ५०० ग्रॅम, आणि केवळ दाढा सरकवावयाच्या असतील तर त्याहून बरीच कमी. अधिक ओढ म्हणजे अधिक वेगाने काम, असा समज करून घेऊन घरी पट्ट्याचे भोक पुढे-मागे करणे सर्वस्वी चूक आहे. अतिरेकी दाबाने तंतूंचा रक्तपुरवठा रोधला जातो, दुखणे वाढते आणि दाढेचे सरकणे उलट मंदावते.

रात्रीच का, असेही पुष्कळ विचारतात. एक कारण सोयीचे आहे; शाळा, खेळ, जेवण हे सारे टळते. दुसरे कारण शरीराचे आहे. वाढीस चालना देणारा अंतःस्राव मुख्यतः संध्याकाळनंतर व झोपेत पाझरतो, आणि मुलांच्या हाडांची वाढही रात्री अधिक होते. म्हणून संध्याकाळच्या जेवणानंतर पट्टा चढवावा आणि सकाळी तोंड धुताना काढावा, हीच चाल उत्तम. रात्री ८ ते सकाळी ८ धरले की बारा तास झाले. शाळेत तो नेण्याची गरजच नाही. मुलीच्या रडण्याचे मूळ वर्गमैत्रिणींच्या हसण्यात असेल, तर तिला आधी हे सांगावे की, मैत्रिणींना तो दिसणार नाही.

ही कल्पना काही नवी नाही. न्यूयॉर्कचे नॉर्मन किंग्सले यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातच डोक्याच्या आधाराने दात मागे ओढण्याचे प्रयोग केले होते. हे गृहस्थ दंतवैद्य तर होतेच, शिवाय शिल्पकारही होते, आणि चेहऱ्याची ठेवण सुधारण्याचा ध्यास त्यांना लागावा हे स्वाभाविकच म्हटले पाहिजे. पुढे एडवर्ड अँगल यांनी १८९९ मध्ये वाकड्या चाव्याचे तीन वर्ग पाडले. ते वर्ग आजही डॉक्टर वापरतात. आपल्या पत्रातील मुलीचे दात, वर्णनावरून, त्यांपैकी दुसऱ्या वर्गात पडतात. अँगल यांनीही पूर्वी डोक्याचा आधार वापरला होता. परंतु वरच्या व खालच्या दातांमध्ये रबर ताणून तेच काम साधते असे मत पुढे प्रबळ झाले आणि हेडगियर मागे पडले. १९३६ मध्ये ओपेनहाइम यांनी ते पुन्हा पुढे आणले, आणि १९४७ मध्ये अमेरिकेतील सायलस क्लोएन यांनी मानेच्या पट्ट्याची जी मांडणी लोकांपुढे ठेवली तीच थोड्या फरकाने आपल्या या मुलीच्या मानेमागे आहे.

जबलपूरच्या मराठी कुटुंबांना मात्र ही विद्या दीर्घकाळ दूरचीच होती. देशातील पहिले दंतमहाविद्यालय डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी १९२० मध्ये कलकत्त्यास काढले. १९५६ पर्यंत जबलपूर व नागपूर एकाच प्रांतात होते आणि राजधानी नागपूरच होती. पण दंतवैद्यकाच्या महाविद्यालयीन शिक्षणाची सोय दोहोंपैकी कोठेही नव्हती. इंदूरला ती १९६१ मध्ये झाली, नागपूरला १९६८ मध्ये. दात सरळ करणाऱ्या तज्ज्ञांची अखिल भारतीय संस्था १९६५ मध्ये स्थापन झाली. आज जबलपुरातच हितकारिणी सभेचे दंतमहाविद्यालय आहे. अशा महाविद्यालयांतील उपचार खाजगी दवाखान्यांहून बहुधा स्वस्त पडतात; वेळ थोडा अधिक द्यावा लागतो एवढेच. जी माता दुसरे मत घेऊ इच्छिते तिने संकोच न करता तेथे जावे. दुसरे मत विचारल्याने पहिल्या डॉक्टरांचा अपमान होत नाही.

आता पहिला प्रश्न. हे साधन खरोखर आवश्यक आहे काय? येथे आम्ही प्रामाणिकपणे दोन्ही बाजू सांगतो.

अमेरिकेत व इंग्लंडमध्ये दात पुढे आलेल्या मुलांवर काळजीपूर्वक तौलनिक चाचण्या झाल्या आहेत. काही मुलांना सातव्या ते अकराव्या वर्षांच्या दरम्यान लवकर उपचार दिले, काहींना ते पौगंडावस्थेपर्यंत दिले नाहीत, आणि शेवटी दोन्ही गटांची तुलना केली. अखेरचा चावा व जबड्यांची ठेवण यांत लक्षात घेण्याजोगा फरक आढळला नाही. फरक आढळला तो एका गोष्टीत : लवकर उपचार घेतलेल्या मुलांचे पुढचे दात पडण्या-आपटण्यात कमी दुखावले. म्हणजे आठव्या वर्षी पट्टा घातला नाही म्हणून मुलाचे आयुष्य बिघडते, असे घाबरविणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. परंतु ज्या मुलीचे दात ओठांच्या बाहेर आहेत, तिचा सायकलवरून तोल जाणे किंवा शाळेच्या पायरीवर पाय घसरणे हीच मोठी चिंता आहे. तुटलेला पक्का दात पुन्हा उगवत नाही. शिवाय या चाचण्यांतील 'नंतर' म्हणजे बारा-तेरा वर्षांचे वय होते; लग्नाचे वय नव्हे. पत्रातील मुलगी दहा वर्षांची आहे, वाढीच्या उंबरठ्यावर आहे. डॉक्टरांनी निवडलेला काळ योग्य वाटतो.

आजींचे म्हणणे की दात आपोआप आत जातील. सात-आठ वर्षांच्या मुलाच्या नव्या दातांत जी फट दिसते ती सुळे आल्यावर पुष्कळदा मिटते, हे खरे आहे आणि आजींनी ते पाहिलेले असणार. परंतु ओठ मिटू नयेत इतके पुढे आलेले दात, मागे रेंगाळलेला खालचा जबडा आणि त्यांत अडकणारा ओठ, हे वयाने सुधारत नाही.

वडिलांचे म्हणणे की लग्नाच्या आधी पाहू. वीस-बावीस वर्षांच्या वयातही दात सरळ होतात, यात शंका नाही. दात कोणत्याही वयात सरकतात. पण तोपर्यंत जबड्यांची वाढ संपलेली असते. मग जागा करण्यासाठी चांगल्या दाढा काढाव्या लागतात, किंवा हाडात बारीक स्क्रू बसवून त्यांच्या आधाराने दात ओढावे लागतात, किंवा फरक फार मोठा असेल तर जबड्याची शस्त्रक्रिया करावी लागते. वाढीच्या वयात हे काम रात्रीचा एक पट्टा बऱ्याच अंशी करू शकतो. (दाताचा प्रश्न आला की मुलीच्या लग्नाचा आणि मुलाच्या बाबतीत मात्र 'चालायचेच' असा जो न्याय आपल्या घरांत चालतो, त्याविषयी पुन्हा केव्हातरी लिहू. चावणे, बोलणे, दात स्वच्छ राखणे हे दोघांसही सारखेच लागते.)

हेही सांगितले पाहिजे की, हेडगियर पूर्वीइतके आता वापरले जात नाही. हाडातील बारीक स्क्रूंनी मोठ्या मुलांत व प्रौढांत त्याची जागा पुष्कळ अंशी घेतली आहे. खालचा जबडाच लहान असेल तर तो पुढे धरून ठेवणाऱ्या काढघालीच्या दुहेरी ठोकळ्यांचाही पर्याय असतो. स्कॉटलंडच्या विल्यम क्लार्क यांनी १९७७ मध्ये ते तयार केले. म्हणून मातेने डॉक्टरांना सरळ विचारावे : दोष वरच्या जबड्याचा आहे की खालच्याचा? ठोकळ्यांनी काम होईल काय? नसेल तर का नाही? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी चिडत नाही.

पट्टा मानेचा की डोक्याचा, हेही चेहऱ्यावर ठरते. मानेचा पट्टा दाढांना मागे तसेच किंचित खालीही ओढतो. चेहरा आखूड व पुढचे दात एकमेकांवर खोल चढलेले असतील तर ते इष्टच असते. परंतु ज्याचा चेहरा आधीच लांबट आहे आणि पुढचे दात मिटत नाहीत, त्याच्या दाढा खाली आल्या तर तोंड अधिकच उघडे राहील. अशा मुलास डोक्यावरची टोपी देतात. तिची ओढ वर व मागे असते. शेजारच्या मुलाचे साधन आपल्या मुलास घालून पाहू नये, ते याचसाठी.

आणि उलटी स्थितीही असते. काही मुलांचा खालचा जबडा पुढे व वरचा मागे असतो. त्यांच्यासाठी कपाळ व हनुवटी यांवर टेकणारी चौकट मिळते. ती वरच्या जबड्यास पुढे ओढते. हिला वय आणखी लहान लागते, आठ वर्षांच्या आसपास किंवा त्याआधी. तेव्हा ज्यांच्या मुलाचे खालचे दात वरच्यांच्या पुढे बसतात, त्यांनी 'बापावर गेला आहे' म्हणून स्वस्थ बसू नये. सहाव्या-सातव्या वर्षीच दाखवावे.

आता जे सांगावयाचे आहे ते कृपा करून दोनदा वाचावे.

या साधनात ताणलेली तार व ताणलेला पट्टा असतो. पट्टा अडकलेला असताना कोणी तार पुढे ओढली आणि ती हातून सुटली, तर ती बाणासारखी परत येते, आणि तिची आतली टोके चेहऱ्यास किंवा डोळ्यास लागू शकतात. असे अपघात क्वचित होतात, पण झालेले आहेत, आणि त्यांत डोळे गमावल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. ही तार तोंडातील असल्याने तिच्यावर लाळेतील जंतू असतात. म्हणून जखम टाचणीएवढी दिसली, फारशी दुखली नाही, तरी आत पू होऊन दृष्टी जाऊ शकते. मुलीच्या डोळ्यास तार लागल्याचा नुसता संशय आला तरी घरगुती औषध न घालता त्याच वेळी, रात्र असली तरी, नेत्रतज्ज्ञ असलेल्या रुग्णालयात न्यावे आणि तार तोंडातील होती हे आवर्जून सांगावे.

हे टाळणे कठीण नाही. काढताना आधी पट्टा सोडावा, मग दोन्ही हातांनी धरून तार तोंडातून काढावी. हा क्रम कधीही उलटा होता कामा नये. पट्टा घालून धावणे, लपंडाव, उशांची मारामारी, धाकट्या भावाशी झटापट, हे सर्व वर्ज्य. अधिक ओढ पडताच आपोआप सुटणारा पट्टा आता मिळतो. आपल्या मुलीस दिलेला तसाच आहे ना, हे डॉक्टरांना विचारून घ्यावे, आणि तसा नसेल तर मागून घ्यावा. तार नळीतून निसटू न देणाऱ्या आतल्या अडकणीही असतात. सकाळी उठल्यावर तार तोंडाबाहेर निघालेली आढळली, तर त्या रात्रीपासून साधन बंद ठेवून डॉक्टरांना दाखवावे. झोपेत ती निघते याचा अर्थ कोठेतरी सैल आहे, आणि सैल तारच घातक. घरात लहान मूल असेल तर त्याला जवळ झोपवू नये. चकाकणारी तार धरून ओढण्याचा मोह कोणत्या मुलास होणार नाही?

बाकीच्या गोष्टी घरगुती आहेत. पहिले तीन-चार दिवस दाढा ठणकतात. मऊ भात, खिचडी, उपमा द्यावा. थंडीचे दिवस असतील तर जबलपूरच्या कोवळ्या मटारची उसळ उत्तम. चिक्की, कडक लाडू, ऊस दातांनी सोलणे आणि सुपारी, यांनी दाढेवरचे कडे सुटते. कडे सैल होऊन हलू लागले तर पट्टा चढवू नये. खव्याच्या जिलबीवर या शहरातील मुलांचे प्रेम आहे आणि ती अजिबात बंद करा असे सांगण्याचे धैर्य आम्हास नाही. पण ती जेवणाबरोबर द्यावी, आणि पट्टा चढविण्यापूर्वी ब्रशने कड्यांच्या कडा नीट घासून घ्याव्या. कड्याभोवती साचलेल्या गोडाने दातावर पांढरे डाग पडतात आणि पुढे कीड लागते. पट्टा काढल्यावर तार ब्रशने धुवावी. कापडी पट्टा सुटा करून साबणाने धुता येत असेल तर आठवड्यातून दोनदा धुवावा. उन्हाळ्यात मानेस घाम येऊन पुरळ उठते. आत सुती रुमालाची घडी घालावी. धातूच्या स्पर्शाने गालावर चट्टे आले तर डॉक्टरांना सांगावे. काही मुलांना त्यातील निकेल सोसत नाही. लांब केसांच्या मुलीची वेणी पट्टा घालण्याआधीच घालावी, नाही तर रोज रात्री केस अडकून रडारड होईल आणि दोष पट्ट्यास मिळेल.

तासांचा हिशेब कागदावर ठेवावा. पट्ट्यात गुप्तपणे घड्याळ बसवून केलेल्या पाहण्यांत मुले सांगतात त्याहून पुष्कळ कमी वेळ पट्टा घालतात, असे दिसून आले आहे. ही मुले खोटारडी असतात असे नव्हे; अर्धा तास कधी झाला आणि कधी राहिला हे त्यांना कळत नाही. भिंतीवरच्या दिनदर्शिकेत मुलीने स्वतःच रात्री व सकाळी वेळ लिहावी. लिहिणारी मुलगीच असावी, आई नव्हे. आईने पहारा सुरू केला की पट्टा आईचा होतो, आणि मग तो न घालणे हाच मुलीचा विजय ठरतो. 'लगाम' हा शब्दही घरातून काढून टाकावा. आजींना आम्ही नम्रपणे विनवितो की, रात्री गोष्ट सांगण्याची वेळ पट्टा चढविल्यानंतरची ठेवावी. तुमच्या मांडीवर डोके असताना मुलीस त्या पट्ट्याचे काही वाटणार नाही.

किती दिवस? बहुधा वर्ष ते दीड वर्ष. त्यानंतर पुढच्या दातांना तारा बसवून ते रांगेत आणणे आणि शेवटी मिळालेली जागा टिकविणारी पट्टी, हे टप्पे राहतात. शेवटची पट्टी कंटाळून टाकून देणारी मुले पुष्कळ असतात, आणि त्यांचे दात पुन्हा हळूहळू जुन्या जागेकडे निघतात.

राहिला नागपूरच्या लग्नाचा प्रश्न. लग्नघरात पंधरा मुले एका खोलीत झोपतात, दिवे उशिरापर्यंत जळतात, आणि कोण कोणावरून उडी मारील याचा नेम नसतो. म्हणून नेमका आमचा सल्ला असा : जाण्यापूर्वी डॉक्टरांना भेटून कडी घट्ट आहेत हे पाहून घ्यावे. रेल्वेच्या प्रवासात, गर्दीत, पट्टा घालू नये. नागपुरास पोहोचल्यावर मुलीला स्वतःजवळ, इतर मुलांपासून वेगळे झोपविता येत असेल त्या रात्री घालावा. हळदीच्या व लग्नाच्या रात्री सोडून द्यावा, त्याची टोचणी मनास लावून घेऊ नये. पट्टा व तार धातूच्या किंवा जाड प्लास्टिकच्या डब्यात ठेवावी. रुमालात गुंडाळून उशीखाली ठेवलेल्या तारा दुसऱ्या दिवशी वाकलेल्या निघतात, आणि वाकलेली तार घरी पकडीने सरळ करावयाची नसते. जबलपुरास परत आल्यावर पहिल्या रात्री दाढा पुन्हा थोड्या दुखतील. दोन दिवसांत त्या शांत होतात.